फ्रंट-व्हील ड्राइव्ह घ्यावी की ऑल-व्हील ड्राइव्ह?

वाटसरू

नमस्कार. नवी गाडी घ्यायचे घरात ठरले आहे, मॉडेलही जवळपास पक्के झाले आहे. घोडे अडले आहे ते एकाच ठिकाणी. हे मॉडेल फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना) आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (ताकद चारही चाकांना) अशा दोन्ही प्रकारांत मिळते. इंजिन तेच, आतली रचना तीच. फरक किमतीत, वजनात आणि इंधनाच्या खर्चात पडतो.

आमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यांवर, कामाच्या ठिकाणी जाण्या-येण्याचा आणि महामार्गावरचा असतो. मात्र घराजवळचा शेवटचा टप्पा कच्चा आणि चांगलाच चढाचा आहे, पाऊस लागून राहिला की तिथे चिखलाचा थर बसतो, आणि वर्षातून काही दिवस आम्ही बर्फ पडणाऱ्या डोंगराळ भागातही जातो. अशा प्रवासात गाडीत पाच माणसे आणि मागे सामान असतेच.

विक्रेत्याचे म्हणणे असे की ऑल-व्हील ड्राइव्ह सर्वच बाबतींत अधिक सुरक्षित असते, म्हणजे वळणावर आणि ब्रेक लावतानाही गाडी रस्ता अधिक घट्ट धरून राहते. उलट, अनेक वर्षे फ्रंट-व्हील ड्राइव्ह वापरणारे एक परिचित सांगतात की चांगले टायर घातले तर वरचा सगळा खर्च वायफळ आहे. ऑल-व्हील ड्राइव्हचा उपयोग नेमका कुठे होतो, कुठे होत नाही, आणि पुढे देखभालीत काय वाढून ठेवलेले असते, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

सारथी

वाटसरू, विक्रेत्याच्या बोलण्यातला ब्रेकचा भाग सर्वप्रथम बाजूला काढा, कारण तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चारांना, याचा जोरात ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल याच्याशी जवळपास काहीही संबंध नाही. ते अंतर टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते.

थोडी आकडेमोड करून पाहू. समजा गाडीचे वजन १,५०० किलो आहे. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (जोडलेल्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) हे सगळे पुढच्या बाजूला एकत्र बसवलेले असते, त्यामुळे ती रिकामी असताना सुमारे ६० टक्के वजन, म्हणजे ९०० किलो, पुढच्या चाकांवर येते. पकडीचा गुणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट ओढ टायर देऊ शकतो तो आकडा, कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास असतो आणि दबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ पर्यंत खाली येतो. अशा बर्फावर पुढची चाके ९०० च्या ०.२ पट, म्हणजे १८० किलोभार एवढीच ओढ देऊ शकतात. याचा अर्थ, १०० मीटर अंतरात १२ मीटर चढणारा रस्ता ही या गाडीची मर्यादा झाली. चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके आणखी हलकी होतात, हे धरले तर प्रत्यक्षात साडेअकरा टक्क्यांच्या आसपासच चाके जागच्या जागी फिरू लागतील. पाच माणसे आणि मागे सामान भरल्यावर पुढच्या चाकांवरचा वाटा पन्नाशीच्या जवळ येतो आणि ही मर्यादा १० टक्क्यांपर्यंत घसरते. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मात्र सगळे वजन ओढीच्या कामी येते, त्यामुळे तीच मर्यादा २० टक्के होते, आणि सामान कुठे ठेवले आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही. चढावर किंवा निसरड्या जागेवरून निघताना ऑल-व्हील ड्राइव्ह किती मोठे काम करते, ते यावरून दिसते. हा फायदा खरा आहे आणि त्याला कमी लेखू नये.

आता त्याच बर्फावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाताना ब्रेक लावा. थांबायला सुमारे ४९ मीटर लागतील. फ्रंट-व्हील ड्राइव्हलाही ४९ आणि ऑल-व्हील ड्राइव्हलाही ४९. कोरड्या डांबरावर हेच अंतर १२ मीटरच्या आसपास असते. काळजीची बाब अशी की फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचे चाक निघतानाच थोडे घसरते आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला लगेच कळते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावरून विनातक्रार वेग घेते, आणि पकड किती कमी आहे हे चालकाला पहिल्यांदा कळते ते ब्रेक लावल्यावर. ही गाडी घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालकाला समजावून सांगायलाच हवी.

वळणाच्या बाबतीत विक्रेता अर्धाच बरोबर आहे. स्थिर वेगाने वळताना गाडीला आत खेचून धरणारी पकड पुन्हा टायरचीच असते. फरक पडतो तो वळणात अॅक्सिलरेटर दाबल्यावर. फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या दोन टायरना गाडी ओढायची असते आणि वळवायचीही असते. ओढण्यात पकड खर्ची पडली की वळवण्यासाठी कमी उरते, आणि गाडी स्टिअरिंगचे न ऐकता वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाऊ लागते. ओढण्याचे काम चार चाकांत वाटले गेले की ही प्रवृत्ती कमी होते. ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली ऑडी क्वात्रो १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि तिने १९८२ व १९८४ मध्ये जागतिक रॅलीचे उत्पादक-विजेतेपद मिळवले, ते याच गुणाच्या जोरावर: खडी, चिखल आणि बर्फ यांवरच्या वळणांतून बाहेर पडताना ती इतरांपेक्षा लवकर वेग घेत असे. चारही चाकांना ताकद म्हणजे सर्वत्र अधिक सुरक्षितता, ही समजूत बळावण्यात अशा विजयांचा मोठा वाटा असावा असे मला वाटते. पण रॅलीतली गरज आणि कुटुंब घेऊन निसरड्या उतारावरून खाली येण्याची गरज, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

टायरविषयी आपल्या परिचितांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पुन्हा वरचीच गाडी घ्या. एका गाडीला बर्फावर ०.३ पकड देणारे हिवाळी टायर आहेत आणि ती फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे. दुसरीला झिजलेले उन्हाळी टायर आहेत, त्यांची पकड ०.१ आहे आणि ती ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. पहिली रिकामी असताना सुमारे १७ टक्के चढ चढेल आणि ताशी ५० वरून ३३ मीटरमध्ये थांबेल. दुसरी १० टक्क्यांच्या चढालाच दम टाकेल आणि थांबायला तिला ९८ मीटर लागतील. पैसे मोजकेच असतील तर ते आधी कुठे घालावेत, याचे माझ्यापुरते उत्तर या आकड्यांत आहे.

पानापेटी

मी दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे देखभालीपुरते लिहितो. सारथी यांनी टायरच्या पकडीबद्दल लिहिले आहे. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये टायरचा आणखी एक पैलू असतो आणि तो बहुतेकांना खर्च अंगावर आल्यावरच कळतो.

चारही टायरची झीज जवळपास सारखी असावी लागते. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. समजा तीन टायर झिजून ४ मिलिमीटरवर आले आहेत आणि चौथा फुटला म्हणून आपण तिथे नवा कोरा टायर बसवला. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात एक टक्क्याहून थोडा जास्त फरक. नवा टायर एका किलोमीटरमागे इतरांपेक्षा ५-६ फेऱ्या कमी फिरतो, आणि पुढच्या व मागच्या अॅक्सलच्या दरम्यान बसवलेल्या, मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचला किंवा मधल्या डिफरन्शियलला हा फरक सरळ रस्त्यावरही अखंड सोसत राहावा लागतो. तो भाग तापतो, तेल करपते, आणि पुढे जोराने वळताना हादरे बसू लागतात. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत टायरमधल्या फरकाची कमाल मर्यादा दिलेली असते, आणि ती ओलांडली जात असेल तर दोन किंवा चारही टायर बदलावे लागतात. फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये एका अॅक्सलवरची जोडी सारखी ठेवली की भागते. ठरावीक अंतराने टायरची अदलाबदल करत राहणे, हा ऑल-व्हील ड्राइव्हचा खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तेलाचेही तसेच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडीला पुढे ताकद मागे वळवणारा गिअरसंच असतो, मागे डिफरन्शियल असते आणि त्याच्या तोंडाशी अनेक चकत्यांचा (बहुपाती) क्लच असतो. या प्रत्येकात वेगळे तेल असू शकते. पुढच्या गिअरसंचात तेल फारच थोडे मावते, आणि पुष्कळ गाड्यांत तो एक्झॉस्टच्या पाइपाला लागूनच असल्यामुळे ते तेल लवकर खराब होते. हे तेल ‘आयुष्यभर पुरते’ असे कोणी सांगितले तरी मी ते वेळेवर बदलायला सांगतो. झाकण उघडल्यावर काळे, करपट वासाचे, काकवीसारखे घट्ट झालेले तेल पुरेशा गाड्यांतून निघालेले मी पाहिले आहे.

शिवाय गाडी बंद पडली तर पुढची दोन चाके उचलून आणि मागची रस्त्यावर फिरत ठेवून ती ओढून नेता येत नाही. बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या सपाट ट्रकवर चढवूनच न्याव्या लागतात. वजन साधारण ६० ते १०० किलोने वाढते आणि इंधनाचा खर्च, गाडीच्या रचनेनुसार, ५ ते १० टक्क्यांनी. गरज नसताना मागचा भाग पूर्ण सोडवून ठेवणाऱ्या काही नव्या रचनांत हा फरक याहून कमी असतो.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. आपण निवडलेल्या मॉडेलच्या दोन्ही प्रकारांचे मागचे सस्पेन्शन सारखे आहे का, ते पाहा. पुष्कळ मॉडेलांत फ्रंट-व्हील ड्राइव्हला मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असतो, तर ऑल-व्हील ड्राइव्हला दोन्ही चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन द्यावे लागते. अशा वेळी खराब रस्त्यावर दुसरी गाडी अधिक आरामदायी वाटते ती या सस्पेन्शनमुळे, आणि श्रेय मात्र ड्राइव्हला दिले जाते. उलट, डिकीतली जागा किंवा इंधनाची टाकी कधी कधी थोडी लहान झालेली असते.

उतारवाट

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून ऑल-व्हील ड्राइव्हच्या मर्यादा चांगल्या कळतात, पण ज्यांच्या दारातच तीव्र चढ आहे आणि हिवाळाभर तिथे बर्फ साचून राहतो, अशा माणसांच्या बाजूनेही कोणी लिहायला हवे. मी अशाच ठिकाणी राहते. चांगले हिवाळी टायर असलेली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी आमच्या चढावर बहुतेक दिवस निभावून नेते. पण अडते ती अशा पहाटे, जेव्हा चढाच्या मध्यावर समोरच्या गाडीमुळे थांबावे लागते. एकदा वेग गेला की पुढची चाके गुळगुळीत झालेल्या बर्फावर फिरत राहतात, खालचा बर्फ वितळून आणखी निसरडा होतो, आणि मग मागे वाहने असताना उतारावरून उलटे खाली येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. चारही चाकांना ताकद असली तर त्याच जागेवरून पुन्हा निघता येते. ज्यांना रोज ठरलेल्या वेळी कामावर हजर राहावेच लागते, त्यांच्यासाठी ही चैन नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ट्रेलरचा भार मागच्या टोकावर पडतो आणि पुढची चाके नेमकी गरजेच्या वेळी हलकी होतात.

मात्र हिवाळी टायर मीही घालतेच. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, आणि ते मऊ करण्याचे सामर्थ्य कोणत्याही ड्राइव्हमध्ये नाही. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची आकृती आहे का, ते पाहून घ्यावे. ती बर्फावरच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या टायरलाच मिळते. नुसती ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असतील तर अशी चाचणी झालेली असेलच असे नाही. आणि काटकसर म्हणून फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या फक्त पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर घालू नयेत: निघताना काही जाणवत नाही, पण उतारावरच्या वळणात ब्रेक लावला की पुढची बाजू थांबते आणि मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याचा ब्रेकविषयीचा दावा आता मनातून पूर्ण गेला. दोन शंका उरल्या आहेत. एक, आमच्या घराजवळच्या चढावर बर्फ नसतो, चिखल असतो. तिथेही हेच गणित लागू पडेल का? दुसरी, याच मॉडेलचा एक हायब्रिड प्रकार आहे, त्यात मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर आहे आणि गाडीखालून मागे जाणारा शाफ्टच नाही. ती रचना पूर्ण ऑल-व्हील ड्राइव्ह मानावी का?

सारथी

चिखलाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. टणक जमिनीवर चिखलाचा पातळ थर असेल तर वरचे गणित साधारण तसेच लागू होते. थर खोल असेल तर साध्या टायरची नक्षी चिखलाने भरून गुळगुळीत होते, चाक रुतते आणि गाडीचे पोट जमिनीला टेकते. मग चारही चाके फिरली तरी गाडी हलत नाही. तिथे ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) आणि टायरची नक्षी आधी येतात, आणि आपल्या मॉडेलच्या दोन्ही प्रकारांचा क्लिअरन्स सारखाच असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा दोन गोष्टी करा. थर निघून खालची जमीन लागते का, ते काठी खुपसून पाहा, आणि चढ मोजा. फोनमधले कोन मोजणारे अॅप त्यासाठी पुरेसे आहे: ६ अंश म्हणजे साडेदहा टक्के, ९ अंश म्हणजे जवळपास १६ टक्के. खालची जमीन टणक आणि चढ १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगल्या टायरची फ्रंट-व्हील ड्राइव्ह भरल्या गाडीनिशीही बहुधा पुरेल. चढ १५ टक्क्यांच्या पुढचा असेल, आणि तुम्ही पाच माणसे व सामान घेऊन तो चढता, तर मी ऑल-व्हील ड्राइव्हच घेईन आणि तो खर्च रास्त मानेन.

हायब्रिडबद्दल: मागची मोटर मागच्या चाकांना खरोखरच ताकद देते, शिवाय तिचा प्रतिसाद यांत्रिक क्लचपेक्षा लवकर मिळतो, म्हणून तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण ती मोटर बहुधा पुढच्या इंजिनाच्या मानाने बरीच लहान असते. यांत्रिक रचनेत क्लच पूर्ण जुळल्यावर इंजिनाच्या ताकदीचा मोठा भाग मागे जाऊ शकतो. इथे मागे जाणारी ताकद त्या मोटरच्या क्षमतेपुरतीच मर्यादित राहते, आणि लांब चढावर बराच वेळ जोर लावला तर तापमानामुळे ती आणखी कमी केली जाते. निसरड्या जागेवरून निघण्यासाठी ती पुरेशी असते. खोल चिखलातला लांब चढ हे तिचे काम नव्हे. लागणारा आकडा मागच्या मोटरच्या किलोवॅटचा आहे, तो माहितीपत्रकात शोधा.

यांत्रिक प्रकारातही विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला: मागच्या चाकांना ताकद कायम मिळते, की पुढची चाके घसरल्यावर? इंजिन आडवे बसवलेल्या बहुतेक गाड्यांत ती गरजेपुरती मिळते. नेहमीच्या प्रवासात गाडी जवळपास फ्रंट-व्हील ड्राइव्हच असते. दुसरा: कमी वेगात क्लच लॉक करणारे बटण आहे का? चढ सुरू होण्यापूर्वी ते दाबले तर चाक घसरण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि चढावर एक पुढचे व त्याच्या तिरप्या बाजूचे मागचे चाक खड्ड्यामुळे अधांतरी झाले, तर साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद त्या दोन मोकळ्या चाकांतच वाया जाते. अशा वेळी त्यांनाच ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला वळवणारी ट्रॅक्शन कंट्रोलची व्यवस्था किती चांगली आहे, यावर गाडी निघणे न निघणे अवलंबून असते. हे माहितीपत्रकात कळत नाही, त्यामुळे शक्य असेल तर चाचणीसाठी गाडी आपल्या त्या चढावरच न्या, आणि मध्यावर मुद्दाम थांबवून पुन्हा काढून पाहा.

पानापेटी

सारथी यांच्या सूचनेत थोडी भर. चाचणीच्या वेळी गाडीत नुसते आपण आणि विक्रेता असाल, तर पुढची चाके जड राहतील आणि फ्रंट-व्हील ड्राइव्ह उगाचच चांगली चढेल. घरची माणसे मागे बसवूनच चढ पाहा. आणि पुढेमागे जुन्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचा विचार झाला, तर गाडी पुरती गरम झाल्यावर मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून ती चालण्याच्या वेगाने गोल फिरवा. मागून हादरे बसले, किंवा कोणी हँडब्रेक ओढून धरल्यासारखी गाडी अडखळली, तर क्लचचे तेल किंवा क्लचच गेला आहे असा संशय घ्यावा. वळताना कटकट असा ठोका ऐकू आला तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे पाहावे लागतात, त्यावरचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालेले आहे का, ते चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून दिसते. चारही टायर एकाच बनावटीचे आणि सारख्याच झिजेचे नसतील, तर आधीच्या मालकाने किती अंतर ते तसेच चालवले हे विचारल्याशिवाय किमतीचे बोलू नये.